मालगाडीची वाटाडी

आमच्या वन्सं रस्ता चुकतात, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. एकदा त्या इस्पितळात ओळखीच्या बाईंना भेटायला गेल्या. जिना बरोबर चढल्या, पण उजवीकडे वळायचं तिथे डावीकडे वळल्या आणि कुणा अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांच्या उशाशी जाऊन बसल्या. आता आलोच आहोत तर लगेच उठायचं कसं, म्हणून त्यांना संत्री सोलून खाऊ घातली, त्यांच्या उशीचा उसवलेला अभ्रा पिशवीतल्या सुईदोऱ्यानं शिवून दिला, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या, "बाई काही भेटल्या नाहीत गं. पण ते गृहस्थ फार चांगले होते."

आमचे हे टपाल वाटतात. गावातला एकेक दरवाजा आणि त्या दरवाजामागचा कुत्रा त्यांच्या ओळखीचा. त्यांची सख्खी थोरली बहीण अशी निघावी याचं त्यांना आजवर नवल वाटत आलंय. "ताईच्या डोक्यात सगळे रस्ते आहेत," हे म्हणतात, "फक्त ते एकमेकांना जोडायचे राहून गेलेत." त्यामुळे वन्संना कुठं जायचं झालं की कुणीतरी सोबत जायचं, हे घरात ठरूनच गेलेलं. त्या मागून चालायच्या, सोबत जाणारा पुढं.

घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघी शिवणकाम करतो. मापं घेणं, कापणं, अंगावर घालून बघणं हे वन्संचं. काजं, बटणं, हातशिलाई माझी. ही वाटणी सोयीची पडली, कारण दुपारचे बाराचे टोले पडेपर्यंत मी बोलत नाही. तो माझा रोजचा नेम आहे, लग्नाआधीपासूनचा. गिऱ्हाइकांना आता सवय झालीय. वन्सं माझ्या वाटचंही बोलतात, आणि बटण कमी पडलं तर मी बोट वर करते.

सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या टेकडीवरच्या रानात चालायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात दोन तुकड्या. एक भरभर चालणाऱ्यांची, तिला सगळे एक्सप्रेस म्हणतात. दुसरी आम्हा बायकांची. गुडघे, दमा, गप्पा आणि मधेच बसकण मारणं हे सगळं सोबत घेऊन चालणारी. ती मालगाडी. मालगाडीच्या पुढं इतकी वर्षं नर्सबाई चालत. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, उंच, सरळ, गळ्यात शिटी. आता त्यांच्याच गुडघ्यानं बंड केलं. त्यांनी एका सकाळी टेकडीवरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात बाकावर बसून जाहीर केलं, "माझ्या जागी कुणीतरी वाटाडी हवी. होकायंत्र आणि नकाशा घेऊन रानातून वाट काढता आली पाहिजे. कुणी पुढं आली नाही, तर मालगाडी एक्सप्रेसला जोडावी लागेल."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक्सप्रेसला जोडणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं. आठवड्याभरात निम्म्या जणी घरी बसल्या असत्या. बेकरीवाल्या काकूंनी तर तिथंच पायातले बूट सैल केले, जणू निरोपच घेतला.

"मी शिकते," वन्सं म्हणाल्या.

आधी कुणी हसलं नाही, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही. मग काकू म्हणाल्या, "अगं, मागच्या खेपेला तू निवाऱ्यातून पाण्याच्या नळापर्यंत गेलीस तेव्हा तुला शोधायला दोघी पाठवल्या होत्या."

"म्हणून तर," वन्सं म्हणाल्या.

घरी आल्यावर हे इतके हसले की चहा नाकातून येता येता राहिला. वन्सं चिडल्या नाहीत. रात्री कापड घड्या घालताना मला म्हणाल्या, "वहिनी, दिवसभर मी लोकांच्या पाठींची मापं घेते. आणि फिरायला गेले तरी पाठीच बघते. आधी बाबांची, मग तुझ्या नवऱ्याची, आता नर्सबाईंची. एकदा तरी माझ्यासमोर कुणाची पाठ नको. नुसतं रान हवं." एवढं बोलून त्यांनी दिवा मालवला. मी अंधारात बराच वेळ घडी हातात धरून उभी होते. त्या बाईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना.

नर्सबाईंनी त्यांना होकायंत्र दिलं, तळहाताएवढं. काचेखाली सुई, तिचं लाल टोक उत्तरेकडे थांबतं. नकाशावरून जायची दिशा काढायची, भोवतीची चकती तेवढी फिरवायची, आणि मग लाल टोक चकतीवरच्या खुणेत येईपर्यंत आपण जागच्या जागी वळायचं. आलं, की नाकासमोर चालू लागायचं. मी मनात म्हटलं, हे काही वन्संना झेपणार नाही. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सुईच आहे ना? मग जमेल. सुईशी माझं आजवर वाकडं आलेलं नाही."

आणि जमलंच की! रोज सकाळी, कामाला बसायच्या आधी, परसात सराव चाले. त्या डोळे खाली घालून, तळहात पुढं धरून, नळापासून दोरीपर्यंत आणि दोरीपासून कुंपणापर्यंत चालत. पहिल्या दिवशी कुंपणाऐवजी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात गेल्या. नंतर मात्र हळूहळू नेमक्या कुंपणाला जाऊन नाक लावू लागल्या. शिवणाच्या खोलीत तेवढी सुई वेड्यासारखी गरगरे. शिलाईयंत्र दिसलं की यंत्राकडे, इस्त्री दिसली की इस्त्रीकडे. नर्सबाईंनी बजावून ठेवलं होतं, लोखंड जवळ आलं की होकायंत्र उत्तर विसरतं. किल्ल्या, चाकू, कात्री, काहीही जवळ नको.

परीक्षेचा नियम साधा होता. निवाऱ्यापासून निघायचं, रानात रोवलेले तीन खांब नकाशावरून शोधायचे, प्रत्येक खांबाला बांधलेल्या रिबिनींपैकी एक सोडवून घ्यायची, आणि गावातल्या घड्याळाचे बाराचे टोले पडायच्या आत परत यायचं. सोबत एकीला न्यायची परवानगी होती, पाय मुरगळला तर हाक मारायला. "पण सोबतिणीनं वाट दाखवायची नाही," नर्सबाई म्हणाल्या. "एक शब्द सांगितला तरी परीक्षा रद्द."

"मग मी वहिनीलाच नेते," वन्सं म्हणाल्या. "तिचं बारापर्यंत मौन. कुणी संशय घ्यायला नको."

"हिचे डोळे बोलतात," हे घरी म्हणाले. "त्यांनाही पट्टी बांध."

"डोळ्यांना पट्टी बांधली तर तीच पडेल, आणि मग मी तिला कुठल्या इस्पितळात नेऊ?" वन्सं म्हणाल्या. "तिथं तर मी आणखीच चुकते."

परीक्षेच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. माझं देवापुढचं बसणं आटोपून मी बाहेर आले, तर वन्सं दारात स्वतःची झडती घेत होत्या. कमरेची किल्ली काढून ठेवली. पिशवीतली कात्री, सुयांची डबी, पैशांची पत्र्याची डबी, सगळं टेबलावर. केसांतले आकडे काढून वेणीला दोरा बांधला. माझ्या अंगावरच्या दोन पिनासुद्धा काढून घेतल्या आणि म्हणाल्या, "आता आपण दोघी कापसाच्या."

तेवढ्यात बेकरीवाल्या काकू मुलीला घेऊन धापा टाकत आल्या. उद्या शाळा, आणि मुलीच्या नव्या गणवेशाचा झगा पायात येतोय. "एवढी खालची पट्टी दुमडून दे, म्हणजे संध्याकाळी बसून मी घालीन टाके," काकू म्हणाल्या. वन्संचा हात कधी नाही म्हणत नाही. मी बाहेर बुटांच्या नाड्या बांधत बसले, आत त्यांनी मुलीला स्टुलावर उभं केलं, भराभर पट्टी दुमडली, टाचण्या लावल्या, आणि स्वेटरमध्ये हात घालत बाहेर आल्या. "चल!"

निवाऱ्याशी सगळी मालगाडी जमलेली. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं, नकाशा दिला, आणि आम्ही झाडांत शिरलो.

पहिला खांब म्हणजे देवानं हातात ठेवावा तसा मिळाला. वन्संनी उजव्या हातात होकायंत्र धरलं, डाव्यात नकाशा, आणि चालत राहिल्या. समोर झुडूप आलं की वळसा घालायच्या, पलीकडचं एखादं झाड आधीच हेरून ठेवायच्या आणि पुन्हा त्याच झाडाशी यायच्या. खांब दिसला तेव्हा आधी त्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. "खराच आहे गं," म्हणाल्या. तांबडी रिबीन सोडवली आणि वेणीला बांधली. दुसरा खांब एका मोठ्या शिळेच्या आड होता. तोही सापडला. निळी रिबीन. आता त्यांच्या चालीत एक ऐट आली होती. मधेच मागं वळून म्हणाल्या, "वहिनी, माझी पाठ कशी दिसते? सांगू नकोस. नंतर सांग."

तिसरा खांब पश्चिमेला होता, ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी. तिथून निवारा सरळ वर. पण दुसऱ्या खांबानंतर चढ लागला, पाचोळा ओला, पाय घसरू लागले. वन्संनी नकाशा कमरेला खोचला, उजव्या हातात एक काठी घेतली आणि होकायंत्र डाव्या हातात धरलं. सुई बघितली, स्वतःभोवती वळल्या, आणखी वळल्या, आणि निघाल्या.

थोडं चालून झालं आणि मला काहीतरी खटकलं. मी रोज उगवतीकडे तोंड करून बसते. सकाळचं ऊन कुठल्या गालावर कधी येतं, हे मला घड्याळापेक्षा नीट कळतं. आम्हाला पश्चिमेला जायचं होतं. म्हणजे ऊन पाठीवर हवं. सुरुवातीला ते डाव्या खांद्यावर होतं. मग गालावर आलं. आता ते सरळ डोळ्यांत येत होतं.

वन्सं मात्र खुशीत होत्या. तोंडानं काहीतरी गुणगुणत, ऊन अंगावर घेत, भलत्याच दिशेला नाकासमोर चाललेल्या.

मी काय करणार? बोलले तर माझा नेम मोडेल, ती एक गोष्ट. नेम मी देवाच्या पायाशी ठेवून क्षमा मागितली असती. देव समजून घेतो. पण मी बोलले तर ती वाट माझी होईल, त्यांची राहणार नाही. परीक्षा रद्द झाली असती ती झालीच असती. शिवाय त्यांच्यासमोर पुन्हा एक पाठ आली असती, माझी. मी ओठ घट्ट मिटले. डोळेसुद्धा एका झाडाच्या शेंड्यावर नेऊन बसवले.

वन्संनी नेमकं तेव्हाच वळून बघितलं. "असं काय तोंड केलंयस? दमलीस?"

मी झाडाकडे बघत राहिले.

"भूक लागली का? घे." त्यांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. मी बिस्कीट खाल्लं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

आणखी काही अंतर गेलो. रान दाट होत चाललेलं. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, मला बोलायला लावू नकोस. तूच काहीतरी कर. मोठं काही नको, त्यांना घटकाभर थांबव, बस्स.

"आई गं!" वन्सं लंगडल्या. "बुटात खडा गेला वाटतं."

त्या खड्याबद्दल मी कुणाला काही पटवायला जात नाही. खडे बुटांत जातातच. पण माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्याचे आभार अजून असतात.

समोर एक तोडलेल्या झाडाचा बुंधा होता. वन्संनी काठी टेकवली, होकायंत्र बुंध्यावर ठेवलं आणि बाजूला बसून बूट काढला. खडा झटकला. मोजा ओढला. मग सहज काचेकडे नजर गेली आणि त्यांचा हात मोज्यावरच थांबला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "सुई फिरली."

त्यांनी होकायंत्र डाव्या हातानं उचललं. सुई इकडे आली. खाली ठेवलं. सुई तिकडे गेली. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. एक पाय मोज्यात, एक बुटात, आणि चेहरा असा की जणू नीट मापानं कापलेली बाही उलटीच बसलीय.

"बुंध्यात लोखंड आहे?" त्यांनी बुंधा ठोकून बघितला. मग माझ्याकडे संशयानं बघितलं. "तुझ्याकडे काय आहे? खिसे दाखव." मी स्वेटरचे खिसे उलटे करून दाखवले. बिस्किटाचा चुरा पडला. "मग मीच." त्यांनी आधी उजवा हात होकायंत्राजवळ नेला. सुई ढिम्म. मग डावा हात नेला. ओळखीचं माणूस दारात दिसावं तशी सुई लगबगीनं त्या हाताकडे वळली.

वन्संनी स्वेटरची बाही वर सारली.

मनगटावर टाचण्यांचा पट्टा होता. आमच्या कामात तो लागतोच. पट्ट्यावर लोहचुंबकाची चकती असते, झग्याला टाचण्या लावताना त्या तोंडात धराव्या लागू नयेत म्हणून तिला चिकटवून ठेवायच्या. वन्सं तो सकाळी घालतात आणि झोपताना काढतात. त्यांच्या अंगाला तो कानांइतका सवयीचा. दारात त्यांनी किल्ली काढली, कात्री काढली, माझ्या पिनासुद्धा काढल्या. मग काकूंच्या मुलीची पट्टी दुमडायला पट्टा हातात चढवला आणि त्याच्यावरून स्वेटर घातला. गणवेशाला लावून उरलेल्या दोन-चार टाचण्या अजून त्याला बिलगून होत्या.

त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू निघालं.

"वहिनी, मला सांग, मी इतका वेळ कुठं चालले होते? अगं, माझ्याच मनगटाकडे! मनगट पुढं आणि मी त्याच्या मागं!" त्या बुंध्याला धरून हसू लागल्या. "सगळं लोखंड घरी ठेवलं आणि चुंबक घेऊन आले! बाई बाई बाई!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला आवाज करायचा नव्हता, म्हणून मी पदर तोंडात कोंबून खाली बसले आणि गदागदा हलत राहिले. त्या रानात तेव्हा कुणी आलं असतं तर दोघींना धरून घरी पोचवलं असतं.

हसू ओसरलं तसे त्यांनी डोळे पुसले. भोवती बघितलं. सगळीकडे सारखी झाडं.

"आपण कुठं आहोत, हे मला माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बारा वाजायलाही फार वेळ नसेल."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून मला कळत होतं, त्या माझ्या तोंडावर काही लिहिलंय का ते शोधताहेत. मग त्यांनी ते सोडून दिलं. पट्टा काढून माझ्या हातात दिला. "हा धर, आणि माझ्यापासून लांब चाल. चांगली लांब." मग कमरेचा नकाशा काढून बुंध्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि तळहातानं हळूहळू सुरकुत्या काढल्या, नवं कापड कापायच्या आधी काढतात तशा. तो हात फिरू लागला आणि त्यांचा श्वास संथ झाला.

"कापडाचा तुकडा हातात आला," त्या स्वतःशीच बोलू लागल्या, "आणि उभा धागा कुठला, आडवा कुठला कळेना, तर आपण काय करतो? कड शोधतो. एक कड सापडली की बाकीचं आपोआप लागतं. आता या रानाची कड कुठली?" त्यांचं बोट नकाशावरून खाली आलं. "ओढा. हा बघ, दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलाय. आपण कुठंही असू, सरळ दक्षिणेला गेलो तर तो लागणारच. चुकवायचा म्हटला तरी चुकणार नाही."

मी झाडाकडे बघत होते, पण आता मला ते झाड दिसत नव्हतं.

"पण ओढ्याशी पोचल्यावर पूल कुणीकडे? डावीकडे की उजवीकडे?" बोट थांबलं. मग त्यांनी मान वर केली. "थांब. ऊन माझ्या तोंडावर होतं! आणि मी म्हणतेय, काय सुरेख ऊन लागतंय! अगं, म्हणजे आपण पूर्वेला आलो. पूल पश्चिमेलाच राहिला. ओढा लागला की उजवीकडे वळायचं." आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला माहीत होतं! म्हणून ते झाड बघत होतीस!"

मी पट्टा दोन्ही हातांत धरून जमिनीकडे बघितलं.

"बरं, राहू दे. तुला बोलता येत नाही, आणि लपवताही येत नाही."

निघालो. होकायंत्र पुन्हा उजव्या हातात. काठी त्यांनी टाकून दिली. घसरलं तर बसून उतरेन म्हणाल्या, आणि एका ठिकाणी खरोखरच बसून उतरल्या. मी वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी लांबून, चुंबक पोटाशी धरून. उतार वाढला, हवा गार झाली, आणि मग पाण्याचा आवाज. वन्संनी आवाजाच्या दिशेनं धावायचा मोह आवरला. सुईवरची नजर काढली नाही. ओढ्याच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी एकदाच वर बघितलं, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि उजवीकडे वळल्या.

पूल येईना. वळण आलं, पूल नाही. दुसरं वळण आलं. वन्संची चाल मंद झाली. "पूल पश्चिमेलाच आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या, मला नव्हे, ओढ्याला. तिसऱ्या वळणाशी एक आडवी फळी दिसली, मग दुसरी, मग कठडा, आणि कठड्याशी खांब. त्याच्यावर हिरव्या रिबिनी फडफडत होत्या.

वन्संनी खांबाला मिठी मारली. सरळ मिठी. मग रिबीन सोडवून बांधायला गेल्या तर गाठच बसेना, म्हणून मीच पुढं होऊन ती त्यांच्या वेणीत गुंफली. ते काही वाट दाखवणं नव्हतं.

पुलापासून निवारा दिसत नाही, मधे दाट झाडीचा चढ आहे. त्यांनी चकती फिरवली, वळल्या, सुई खुणेत आणली. मला वाटलं होतं घाई करतील. नाही केली. दोनदा तपासलं, मग चढू लागल्या. आम्ही दोघीही आता धापा टाकत होतो. झाडं विरळ झाली. पुढं पत्र्याचं छप्पर चमकलं, आणि छपराखाली नर्सबाई, घड्याळाकडे बघत.

निवाऱ्याच्या पायरीवर आम्ही पाय ठेवला, आणि श्वास खाली बसायच्या आत खालून गावातून पहिला टोला आला.

सगळ्या मोजत राहिल्या. बारावा पडला तशी सगळी मालगाडी माझ्याकडे वळली. "बोला!" काकू ओरडल्या. "बोला, काय झालं?"

"आधी पाणी द्या कुणीतरी," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. नर्सबाई गंभीरपणे ऐकत होत्या, पण मनगटाशी गोष्ट आली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे माझ्या पोरीच्या झग्यानं घात केला होता की!"

"घात कसला?" वन्सं म्हणाल्या. "पट्टी बघ आधी, सरळ आलीय की नाही."

नर्सबाईंनी वेणीतल्या रिबिनी बघितल्या. तांबडी, निळी, हिरवी. मग त्यांनी गळ्यातली शिटी काढली. नर्सबाईच त्या, आधी पिशवीतून कापूस आणि स्पिरिट काढून ती नीट पुसली, फुंकर मारून वाळवली, आणि मग वन्संच्या गळ्यात घातली. "उतरताना पुढं तुम्ही," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः गुडघा चोळत रांगेच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही निघालो. मी सगळ्यांत मागं होते, त्यामुळे मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्याही पलीकडे ती तिरंगी रिबिनींची वेणी. तिच्यापुढं कुणी नव्हतं. वन्सं सुरुवातीला जरा भरभरच चालल्या. मग मागून काकूंची हाक आली, "वाटाडीबाई, ही मालगाडी आहे हो!" तशा त्या थांबल्या, सगळ्या गोळा होईपर्यंत उभ्या राहिल्या, एकेकीकडे नीट बघून घेतलं, आणि मगच पुढं पाऊल टाकलं.

थोड्या वेळानं त्या पुन्हा थांबल्या. उजवा तळहात पुढं धरला, होकायंत्र त्याच्यावर सपाट ठेवलं, मान खाली घातली. सगळी रांग थांबली. गप्पा थांबल्या. वन्सं काचेकडे बघतच राहिल्या. बराच वेळ झाला.

काकूंच्यानं राहवेना. त्या कुजबुजल्या, "काय झालं गं? चुकलो का?"

"नाही," वन्सं मान वर न करता म्हणाल्या. "रस्ता तर हा काय, समोर दिसतोय."

"मग काय बघतेयस?"

"उगीच. बघू दे की जरा."

मग कुणीच घाई केली नाही.